शेजारी देशांची एकच बाजारपेठ झाली, तर विकास कोणाच्या वाट्याला येतो?

शेजारी देशांनी आपापसांतील व्यापाराची बंधने काढून टाकायची ठरवली, की त्या त्या देशाचे नेते आपल्या जनतेला जवळजवळ सारखेच आश्वासन देतात: बाजारपेठ मोठी होईल, कारखाने वाढतील, हाताला काम मिळेल. १९५७ मध्ये रोम येथे सहा पश्चिम युरोपीय देशांनी हे आश्वासन दिले, १९६७ मध्ये कंपाला येथे केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी दिले, १९९१ मध्ये आसुन्सिओन येथे दक्षिण अमेरिकेतील चार देशांनी दिले आणि २०१८ मध्ये किगाली येथे ४४ आफ्रिकी देशांनी दिले. परिणाम मात्र अगदी वेगवेगळे झाले. रोमच्या करारातून पुढे युरोपीय संघ उभा राहिला, तर कंपालाचा करार दहा वर्षांत मोडून पडला आणि दोन सदस्य देशांमधील सीमाच बंद झाली. हा फरक का पडतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. माझ्या मते आयात शुल्क कमी करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. माल सीमेवरून प्रत्यक्षात किती सहजपणे पुढे जातो आणि झालेला फायदा सदस्य देशांमध्ये कसा वाटला जातो, या दोन गोष्टींवर पुढचे बहुतेक सारे ठरते.

प्रादेशिक आर्थिक एकात्मतेला पायऱ्या आहेत, आणि बेला बलासा या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये केलेली त्यांची मांडणी आजही वापरली जाते. पहिली पायरी मुक्त व्यापार क्षेत्राची: सदस्य देश एकमेकांच्या मालावरील शुल्क काढून टाकतात, पण बाहेरच्या देशांवर किती शुल्क लावायचे ते प्रत्येक जण स्वतः ठरवतो. दुसरी पायरी सीमाशुल्क संघाची. येथे बाहेरच्या मालावरील शुल्कही सर्वांचे एकच असते. त्यापुढे सामाईक बाजारपेठ येते, जिच्यात मालाबरोबर माणसे आणि भांडवलही मोकळेपणाने फिरू शकतात. त्यानंतर आर्थिक धोरणांची सांगड घालणारा आर्थिक संघ, आणि काही ठिकाणी एकच चलन. जगातील बहुतेक करार पहिल्याच पायरीवर आहेत. जागतिक व्यापाराचा मूळ नियम असा, की एका देशाला दिलेली सवलत सर्वांना द्यायला हवी. पण गॅट या जागतिक व्यापाराच्या नियमांच्या कराराच्या चोविसाव्या कलमाने अशा गटांना त्या नियमातून सूट दिली, आणि ‘जवळजवळ सर्व’ आपसातला व्यापार खुला करण्याची अट घातली.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतला फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण व्यवहारात तो फार महत्त्वाचा ठरतो. बाहेरच्या मालावर प्रत्येकाचे शुल्क वेगळे असेल, तर परका माल कमी शुल्काच्या देशातून आत शिरेल आणि तेथून शुल्कमुक्त मार्गाने जास्त शुल्काच्या देशात पोचेल. हे रोखण्यासाठी माल खरोखर कोणत्या देशात तयार झाला, हे ठरवणारे नियम करावे लागतात. त्यांना मालाच्या उगमाचे नियम म्हणतात. भारत आणि श्रीलंका यांच्यातील मुक्त व्यापार करार मार्च २००० पासून अमलात आला. त्यात अट होती, की मालाच्या किमतीत किमान ३५ टक्के भर श्रीलंकेत पडलेली असावी. त्या काळात भारतात पामतेलावर भरभक्कम आयात शुल्क होते आणि श्रीलंकेत ते अगदी कमी होते. मग श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने निघाले, त्यांतले बरेचसे भारतीय गुंतवणूकदारांनीच काढलेले. इंडोनेशिया आणि मलेशियातून आलेले पामतेल श्रीलंकेत उतरायचे, त्याचे वनस्पती तूप व्हायचे आणि ते शुल्क न भरता भारतात यायचे. भारतातल्या उत्पादकांनी ओरड केल्यावर वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली गेली, आणि २००८ मध्ये भारताने कच्च्या पामतेलावरील शुल्कच शून्यावर आणल्यानंतर त्या कारखान्यांचा आधार गेला. निर्यातीचे आकडे काही वर्षे फुगलेले दिसले, पण तो व्यापार दोन देशांच्या कौशल्यावर किंवा साधनसंपत्तीवर उभा नव्हता. दोन शुल्कांमधल्या तफावतीवर उभा होता. करारानंतर व्यापार किती पटींनी वाढला, असा आकडा कोणी दाखवला की तो व्यापार कशामुळे वाढला, हे विचारणे म्हणूनच आवश्यक असते.

व्यापार वाढला म्हणजे देशाचा फायदा झाला का?

या प्रश्नाचे उत्तर १९५० मध्ये जेकब वायनर या अर्थतज्ज्ञाने दिले, आणि ते अनेकांना अनपेक्षित होते. आकड्यांतून पाहिल्यास ते लगेच ध्यानात येते. समजा, ‘क’ देशात एक सदरा १०० डॉलरला तयार होतो, शेजारच्या ‘ख’ देशात ८० डॉलरला आणि दूरच्या ‘ग’ देशात ६० डॉलरला. ‘क’ देशाने सर्वांवर १०० टक्के शुल्क लावलेले असेल, तर ‘ख’चा सदरा १६० ला आणि ‘ग’चा १२० ला पडेल, म्हणून लोक देशातलाच १०० चा सदरा घेतील. आता ‘क’ आणि ‘ख’ यांनी आपसातले शुल्क काढले, तर ‘ख’चा सदरा ८० ला मिळू लागेल. महागड्या उत्पादनाची जागा स्वस्त उत्पादनाने घेतली, म्हणजे खराखुरा फायदा झाला. वायनरने याला व्यापारनिर्मिती म्हटले.

आता शुल्क मुळात ५० टक्केच होते असे धरू. मग करारापूर्वी ‘ग’चा सदरा ९० ला पडत होता आणि लोक तोच घेत होते, त्या ९० पैकी ३० डॉलर ‘क’च्या सरकारी तिजोरीत जात होते. करारानंतर ‘ख’चा सदरा ८० ला मिळतो, म्हणून ग्राहक तिकडे वळतो. त्याचे १० डॉलर वाचले, पण सरकारचे ३० गेले. देश म्हणून पाहिले, तर जो सदरा बाहेरून ६० डॉलरला मिळत होता, त्यासाठी आता ८० मोजावे लागत आहेत; प्रत्येक सदऱ्यामागे २० डॉलरचा तोटा. शेजाऱ्याशी व्यापार वाढला, दुकानातली किंमत उतरली आणि तरीही देश गरीब झाला. याला व्यापाराचा दिशाबदल म्हणतात. तो टाळायचा असेल, तर गटातल्या देशांनी बाहेरच्या जगासाठीही आपले शुल्क खाली आणत राहावे लागते. बाहेरची भिंत जितकी उंच, तितका दिशाबदलाचा धोका मोठा. अर्जेंटिना, ब्राझील, पाराग्वे आणि उरुग्वे यांच्या मर्कोसुर या गटावर नव्वदच्या दशकात नेमकी हीच टीका झाली: आपसातला व्यापार सर्वांत वेगाने वाढला तो मोटारी आणि यंत्रसामग्रीसारख्या मालाचा, ज्यात हे देश जगाच्या बाजारात फारसे टिकत नव्हते.

सरकारी तिजोरीतून गेलेले ते ३० डॉलरही विसरून चालणार नाही. श्रीमंत देशांत सरकारचे उत्पन्न मुख्यतः प्राप्तिकर आणि विक्रीवरील करांतून येते. गरीब देशांत मात्र शुल्क वसूल करणे हाच सर्वांत सोपा मार्ग असतो, कारण बंदरावर उतरणारा माल डोळ्यांसमोर असतो आणि देशभर विखुरलेली छोटी दुकाने तशी नसतात. शुल्क गेले आणि त्याच्या जागी दुसरा कर उभा राहिला नाही, तर शाळा आणि दवाखान्यांच्या खर्चाला कात्री लागते. विकासाच्या दृष्टीने ही हानी व्यापाराच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

मोठ्या बाजारपेठेचा खरा लाभ

एवढ्यावरच थांबलो, तर एकात्मतेचा लाभ अगदीच तुटपुंजा वाटेल, आणि ते चित्र अपुरे होईल. खरा लाभ हळूहळू, काही वर्षांनी दिसू लागतो. पन्नास लाख लोकसंख्येच्या देशात सिमेंटचा किंवा औषधांचा मोठा कारखाना परवडत नाही. पाच कोटींच्या सामाईक बाजारपेठेत परवडतो, आणि प्रत्येक नगामागचा खर्च उतरतो. ज्या देशात एकच उत्पादक वर्षानुवर्षे हव्या त्या किमतीला माल विकत होता, तेथे शेजारचा उत्पादक उतरला की त्याला सुधारावे लागते. बाहेरचा गुंतवणूकदारही एका छोट्या देशाकडे न पाहता साऱ्या प्रदेशाकडे पाहू लागतो. मालाबरोबर तंत्र, यंत्रे आणि कामाच्या पद्धती येतात.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो बहुतेक चर्चांमधून निसटतो. उत्पन्नाची पातळी एकदा वर उचलली जाणे वेगळे आणि वाढीचा दर कायमचा वाढणे वेगळे. एकात्मतेमुळे एखाद्या देशाचे उत्पन्न दहा वर्षांत १० टक्क्यांनी उंचावले, तर त्या दहा वर्षांत त्याचा विकासदर दरसाल साधारण एक टक्क्याने जास्त दिसेल. पण अकराव्या वर्षी तो पूर्वीच्या गतीवर येईल. वाढीचा दर टिकून वाढायचा असेल, तर मोठ्या बाजारपेठेमुळे संशोधन, शिक्षण आणि नव्या उद्योगांतली गुंतवणूकही सतत वाढत राहावी लागते. ते आपोआप घडत नाही. बहुतेक करारांचा सिद्ध झालेला लाभ पातळी उंचावण्याचा आहे, आणि तोही कमी मोलाचा नाही.

तो मोजायचा कसा, हाही प्रश्न आहे. युरोपातील सहा देशांची पन्नास आणि साठच्या दशकांतली भरभराट सर्वज्ञात आहे, पण त्याच काळात युद्धानंतरची पुनर्बांधणी चालू होती, अमेरिकी मदत येऊन गेली होती आणि साऱ्या जगाचाच व्यापार वाढत होता. त्यातला सामाईक बाजाराचा वाटा वेगळा काढण्यासाठी अर्थतज्ज्ञ अलीकडे एक युक्ती वापरतात: गटाबाहेरच्या काही देशांची अशी सरमिसळ तयार करतात, की ती सदस्य देशाच्या आधीच्या वाटचालीशी जुळावी, आणि मग सदस्यत्वानंतर दोन्ही रेषा कुठे फाटतात ते पाहतात. युरोपीय संघाबाबत अशा अभ्यासांत बहुतेक देशांना सदस्यत्वाचा ठळक लाभ झाल्याचे दिसले. ठळक अपवाद ग्रीसचा.

आयर्लंड १९७३ मध्ये सामील झाला, तेव्हा त्याचे दरडोई उत्पन्न गटाच्या सरासरीच्या सुमारे ६० टक्के होते. आज तो युरोपातील सर्वांत श्रीमंत देशांत मोडतो. यात सामाईक बाजारपेठेचा वाटा मोठा आहे, पण १९६० च्या दशकात माध्यमिक शिक्षण मोफत करण्याचा निर्णय आणि परदेशी कंपन्यांना आकर्षित करणारे कमी कर यांचाही आहे. आयर्लंडचे आकडे जपून वाचावे लागतात, हेही सांगायला हवे: बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिकडे हलवल्यामुळे २०१५ मध्ये तेथील विकासदर २५ टक्क्यांच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले, आणि देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे, सुधारित माप तयार करावे लागले. पोलंडचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. २००४ मध्ये प्रवेश करताना त्याचे दरडोई उत्पन्न, किमतींतील फरक लक्षात घेऊन, संघाच्या सरासरीच्या जेमतेम निम्मे होते. वीस वर्षांत ते सुमारे चार पंचमांशावर पोचले.

शुल्क शून्य, तरी ट्रक सीमेवर उभा

घोडे पेंड खाते ते इथे. शुल्क काढून टाकणे एका सहीचे काम आहे. पण माल अडवण्याचे आणखी शंभर मार्ग असतात. पश्चिम जर्मनीतील एका व्यापारी कंपनीला फ्रान्समध्ये तयार होणारे काळ्या मनुकांसारख्या फळाचे एक मद्य आणून विकायचे होते. शुल्काची अडचण नव्हती, कारण सहा देशांचा सीमाशुल्क संघ १९६८ मध्येच पूर्ण झाला होता. पण जर्मन कायद्यानुसार फळांच्या अशा मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल असायला हवे होते, आणि फ्रेंच मद्यात ते १५ ते २० टक्के होते. म्हणजे मद्य सौम्य आहे, या कारणास्तव त्याला बंदी. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की एका सदस्य देशात कायदेशीररीत्या तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या सदस्य देशाने, लोकांचे आरोग्य किंवा ग्राहकहित यांसारखे सबळ कारण नसेल तर, अडवू नये. बाटलीवर प्रमाण छापले, की ग्राहकाचे हित पुरेसे जपले जाते. या निर्णयातून परस्पर मान्यतेचे तत्त्व रूढ झाले. त्यामुळे प्रत्येक वस्तूसाठी साऱ्या देशांनी एकच मानक ठरवण्याची गरज उरली नाही, आणि १ जानेवारी १९९३ पासून सुरू झालेल्या एकल बाजारपेठेचा मार्ग मोकळा झाला. एका बाटलीच्या खटल्यातून एवढे मोठे काम झाले, कारण निर्णय देणारी आणि तो पाळायला लावणारी सामाईक संस्था अस्तित्वात होती.

आफ्रिकेत प्रश्न याहून प्राथमिक आहे. केनियातील मोम्बासाच्या बंदरातून युगांडाकडे निघालेल्या ट्रकला वजनकाटे, पोलीस चौक्या आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना दोनदा तपासणी, असे सारे पार करावे लागत होते. कंपालाला पोचायला दोन आठवड्यांहून अधिक वेळ लागणे नेहमीचे होते. २०१४ च्या सुमारास शुल्कवसुली बंदरावरच करण्याची पद्धत सुरू झाली, मालाबा आणि बुसिया या सीमानाक्यांवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी तपासणी करू लागले, आणि तो वेळ काही दिवसांवर आला. समुद्रकिनारा नसलेल्या युगांडा किंवा रवांडासारख्या देशासाठी ही सुधारणा शुल्ककपातीपेक्षा अधिक मोलाची आहे. आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार कराराविषयी जागतिक बँकेने २०२० मध्ये जो अंदाज बांधला, तो हेच सांगतो: २०३५ पर्यंत खंडाचे उत्पन्न ४५० अब्ज डॉलरने वाढू शकेल, आणि त्यांपैकी २९२ अब्ज डॉलर केवळ सीमेवरचा विलंब आणि कागदपत्रांचा बोजा कमी केल्याने येतील. हे ‘होऊ शकेल’ असे गणित आहे, झालेले नाही. तरी त्यातले प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आग्नेय आशियाने वेगळा मार्ग घेतला. तेथील आसियान या गटाच्या देशांनी १९९२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्राचा करार केला, पण त्याआधीच जपानी कंपन्यांनी आपले उत्पादन तेथे विखुरायला सुरुवात केली होती: सुटे भाग एका देशात, जुळणी दुसऱ्यात, विक्री तिसरीकडेच. करारांनी त्या साखळीची वाट गुळगुळीत केली. आजही आसियान देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पावपटीहून कमीच आहे, आणि तरीही व्हिएतनामसारख्या देशाला गटाचा मोठा लाभ झाला, कारण गट बाहेरच्या जगासाठी खुला राहिला. दक्षिण आशियात २००६ पासून मुक्त व्यापार क्षेत्राचा करार लागू असूनही आपसातला व्यापार ५ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. ज्या वस्तूंचा व्यापार होण्याची खरी शक्यता होती, त्याच वस्तू प्रत्येकाने सवलतीतून वगळलेल्या याद्यांमध्ये टाकल्या, आणि भारत-पाकिस्तान संबंधांनी उरलेसुरले दार लावून घेतले.

फायदा एका ठिकाणी साचतो तेव्हा

केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा इतिहास माझ्या मते या विषयातला सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ब्रिटिश काळापासून या तिन्ही प्रदेशांत सामाईक शुल्कव्यवस्था, सामाईक चलन, एकच रेल्वे, एकच टपालसेवा होती. पुढे सामाईक विमानसेवाही आली. युरोपने जे करारांनी मिळवले, त्यातले बरेच काही त्यांच्या हाती स्वातंत्र्याच्या दिवशीच होते. पण कारखाने नैरोबी आणि मोम्बासा येथे एकवटलेले होते. ते तेथे का, याचे उत्तर सरळ आहे: बंदर, रेल्वे, कुशल कामगार, बँका आणि ग्राहक जेथे आधीपासून असतात, तेथेच नवा कारखानदार जातो. शुल्काची भिंत असती, तर युगांडासाठी निदान एक छोटा कारखाना युगांडात निघाला असता. भिंत नसल्यामुळे केनियातल्या मोठ्या कारखान्यातून माल पाठवणे सोयीचे झाले. टांझानिया आणि युगांडा यांना जगाच्या बाजारापेक्षा महाग केनियन माल घ्यावा लागत होता आणि शुल्काचे उत्पन्नही बुडत होते. वर ज्या व्यापाराच्या दिशाबदलाचे गणित मांडले, तेच येथे दोन देशांच्या वाट्याला आले होते.

नेत्यांना हे कळत नव्हते, असे नाही. १९६७ च्या करारात मागे पडलेल्या देशांना आपल्या नव्या उद्योगांच्या संरक्षणासाठी शेजाऱ्याच्या मालावर मर्यादित कर लावण्याची मुभा दिली होती, आणि सामाईक विकास बँकेने केनियापेक्षा उरलेल्या दोघांत अधिक गुंतवणूक करावी, असे ठरले होते. पण उपाय दुखण्याच्या मानाने फार तोकडे होते. केनिया भांडवलशाही मार्गाने चालला होता, ज्युलियस न्येरेरे यांचा टांझानिया समाजवादाकडे वळला होता, आणि १९७१ मध्ये युगांडात इदी अमीन यांनी सत्ता बळकावल्यानंतर न्येरेरे त्यांच्याबरोबर बैठकीलाही बसायला तयार नव्हते. रेल्वे आणि विमानसेवेच्या पैशांवरून वाद पेटले. १९७७ मध्ये सारे कोसळले. टांझानियाने केनियाची सीमा बंद केली आणि ती १९८३ पर्यंत बंद राहिली. ज्या प्रदेशात एकाच रेल्वेचे डबे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होते, तेथे अनेक वर्षे अधिकृत रस्ताही उरला नाही.

मध्य अमेरिकेतही साठच्या दशकात असेच घडले. १९६० च्या करारानंतर पाच देशांचा आपसातला व्यापार कित्येक पटींनी वाढला, पण नवे उद्योग ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोर येथे गेले, आणि होंडुरासच्या तोंडाला पाने पुसली गेली. जमीन आणि स्थलांतराच्या जुन्या वादात ही नाराजी मिसळली, १९६९ मध्ये एल साल्वाडोर आणि होंडुरास यांच्यात युद्ध झाले, आणि त्यानंतर होंडुरासने शेजाऱ्यांच्या मालावर पुन्हा शुल्क लावले.

यावरचे उपाय दोन प्रकारचे दिसतात. एक म्हणजे रोख भरपाई. १९१० पासून चालत आलेल्या दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघात शुल्काचे सारे उत्पन्न एका खात्यात जमा होते आणि ठरलेल्या सूत्राने लेसोथो, एस्वातिनी, बोट्स्वाना आणि नामिबिया यांना त्यांच्या व्यापाराच्या मानाने जास्त वाटा मिळतो. संघ शतकाहून अधिक काळ टिकला, यात या सूत्राचा हात आहे. पण तिजोरी अशा वाट्यावर अवलंबून राहिली, की धोकाही वाढतो: २००८ नंतरच्या मंदीत दक्षिण आफ्रिकेची आयात घटली, सामाईक खाते आटले आणि तेव्हा स्वाझीलँड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एस्वातिनीच्या सरकारवर वेतन देतानाही ओढाताण होण्याची पाळी आली.

दुसरा उपाय युरोपचा. १९७५ मध्ये तेथे प्रादेशिक विकास निधी सुरू झाला आणि आज संघाच्या अंदाजपत्रकाचा सुमारे एक तृतीयांश भाग मागास प्रदेशांतील रस्ते, रेल्वे, सांडपाणी प्रकल्प आणि प्रशिक्षण यांवर खर्च होतो. रोख भरपाईपेक्षा हा मार्ग मला अधिक पटतो, कारण तो मागास प्रदेशाला पुढे कारखाना येण्याजोगा बनवण्याचा प्रयत्न करतो. तो सगळीकडे फळतोच असे नाही. दक्षिण इटलीत अनेक दशके पैसा ओतूनही उत्तरेशी असलेली दरी बुजलेली नाही. पोलंडने तोच पैसा कितीतरी चांगला वापरला. स्थानिक प्रशासन सक्षम आहे की नाही, हा येथे कळीचा मुद्दा ठरतो.

माणसे आणि चलन

माणसांच्या ये-जा करण्याने एकात्मतेचा चेहरा पुन्हा बदलतो. २००४ मध्ये पूर्व युरोपातील आठ देश संघात आले, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी त्यांच्या कामगारांना लगेच दारे उघडली. जर्मनीने २०११ पर्यंत वाट पाहिली. जाणाऱ्या माणसाचे वेतन कित्येक पटींनी वाढले, त्याने घरी पैसे पाठवले, हे सारे चांगलेच झाले. पण लिथुआनियाची लोकसंख्या २००० मध्ये सुमारे ३५ लाख होती, ती दोन दशकांत २८ लाखांवर आली, आणि लाटव्हियाचीही साधारण एक पंचमांशाने घटली. घटता जन्मदर हे त्यामागचे एक कारण असले, तरी तरुणांचे स्थलांतर हे मोठे कारण होते. ज्यांच्या शिक्षणावर देशाने खर्च केला होता, ते डॉक्टर आणि परिचारिका दुसऱ्या देशाच्या रुग्णालयात काम करू लागल्या. या देशांचे दरडोई उत्पन्न वेगाने वाढले, हे खरेच. पण दरडोई आकड्यात निघून गेलेली माणसे मोजली जात नाहीत.

सामाईक चलन ही सर्वांत कठीण पायरी आहे. रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ मध्येच दाखवून दिले होते, की देशांनी एक चलन स्वीकारले तर संकटकाळी आपल्या चलनाचे मूल्य घटवण्याचा मार्ग बंद होतो, आणि मग कामगारांचे स्थलांतर, वेतनातील लवचिकता किंवा सामाईक तिजोरीतून मिळणारी मदत यांपैकी काहीतरी मार्ग खुला असावा लागतो. ग्रीसने २००१ मध्ये युरो स्वीकारला, तेव्हा त्याला जवळजवळ जर्मनीच्या व्याजदराने कर्ज मिळू लागले. कर्ज वाढत गेले, आणि २०१० मध्ये फेड अशक्य झाल्यावर अर्थव्यवस्थेला मागे रेटण्याखेरीज पर्याय उरला नाही: उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांच्या घरात गेली. सरकारांचा बेहिशेबी खर्च हे एक कारण होतेच. पण बाजारपेठ आणि चलन एक, मात्र तिजोरी वेगवेगळी, या रचनेने संकट अधिक खोल केले.

मेक्सिकोची कथा याहून शांत आहे, पण विकसनशील देशांनी तीच जास्त लक्षपूर्वक वाचावी. १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला, निर्यात अनेक पटींनी वाढली आणि उत्तर व मध्य मेक्सिकोत मोटारउद्योग बहरला. तरीही दरडोई उत्पन्नाची वाढ दरसाल सरासरी एका टक्क्याच्या आसपासच राहिली. सीमेजवळची राज्ये पुढे गेली, दक्षिणेतील चियापास आणि ओआहाका मागेच राहिली. अमेरिकेतील अनुदानित मक्याशी मेक्सिकोतील लहान शेतकरी टिकू शकला नाही. जुळणीच्या कारखान्यांत येणारे बरेचसे भाग बाहेरूनच येत होते, त्यामुळे देशातील छोट्या उद्योगांशी त्यांची साखळी जुळली नाही. शिवाय २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि अमेरिकी बाजारपेठेतील मेक्सिकोचा विशेष लाभ ओसरला. या करारात मागास भागांसाठी युरोपसारखा विकास निधी नव्हता, आणि देशांतर्गत पतपुरवठा, शिक्षण व रस्त्यांची उणीव करार भरून काढू शकत नव्हता.

पूर्व आफ्रिकेने १९७७ मध्ये कोसळलेला आपला समुदाय २००० मध्ये पुन्हा उभा केला. २००५ मध्ये सीमाशुल्क संघ, २०१० मध्ये सामाईक बाजारपेठ, आणि आता सोमालियापर्यंत आठ सदस्य. मार्च २०२१ मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका अफलाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचे कारण देऊन थांबवला. धोका खोटा नव्हता. हे विष यकृताला अपाय करते. काही दिवसांत बंदी उठली, पण आयातदाराने नोंदणी करावी आणि प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचे प्रमाणपत्र असावे, अशा अटी आल्या. मोठा व्यापारी हे प्रमाणपत्र मिळवू शकतो. चार-दोन पोती घेऊन सीमा ओलांडणारा छोटा विक्रेता आणि त्याला मका देणारा शेतकरी मिळवू शकत नाही. १९७९ मध्ये युरोपात जो प्रश्न न्यायालयासमोर आला, तोच येथे पुन्हा उभा आहे, आणि टांझानियातील अरुशा येथे या समुदायाचेही न्यायालय आहे. पण त्याच्या निर्णयाआधी लागते ती युगांडाच्या गावाजवळची प्रयोगशाळा, जिची पावती केनियाचा अधिकारी पुन्हा तपासणी न करता मान्य करील. आणि तिच्या उभारणीचा खर्च कोणी करायचा, हे समुदायातील आठ देशांना मिळून ठरवावे लागेल.